नवव्या खड्ड्याचा डाव

मी गोल्फ खेळतो असं सांगितलं की लोक आधी माझ्या चपलांकडे बघतात. साहजिक आहे. हा खेळ मी आयुष्यभर खेळलो, पण खऱ्या गोल्फच्या मैदानात एकदाही पाऊल टाकलेलं नाही. तिथलं गवत म्हणे रोज कापतात. आमच्याकडे ते काम म्हशी करायच्या.

सुरुवात झाली ती ऐंशीच्या दशकात, मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात. मी तिथे स्टोअरकीपर होतो. आमचे मोठे साहेब निवृत्त होऊन मुलीकडे परदेशी निघाले, तेव्हा बंगल्यातलं सामान त्यांनी स्टाफमध्ये चिठ्ठ्या टाकून वाटलं. पॅकिंगवाल्याला मिक्सर लागला, टायपिस्टला टेबलफॅन. मला गोल्फची एक काठी आणि अकरा चेंडू. अदलाबदल करायला टायपिस्टने साफ नकार दिला. "मान हलवू नकोस, बाकी आपोआप होतं," एवढंच शिकवून साहेब गेले. बाकी आपोआप काहीही झालं नाही.

कोपरच्या आमच्या दोन खोल्यांत काठीचा खरा उपयोग बायकोने शोधून काढला. काठीने माळ्यावरचे डबे खाली ओढता यायचे. मला ती फक्त रविवारी सकाळी मिळायची, तीही डबे उतरवून झाल्यावर.

बिल्डिंगच्या मागे खाडीपर्यंत एका आगरी म्हाताऱ्याची जमीन होती. एकेकाळी भात व्हायचा, मग खारं पाणी शिरलं आणि नुसतं गवत उरलं. कडेला थोडी वांगी. तिसऱ्याच रविवारी माझा चेंडू त्या वांग्यांत गेला आणि म्हातारा कोयता घेऊन आला. मी माफी मागायला शब्द जुळवत होतो. त्याने चेंडू दोन बोटांत दाबून पाहिला आणि विचारलं, "कवरा लांब जातो यो?"

मी मारून दाखवला. फार लांब नाही गेला. मग त्याने म्हशी हाकायची बाभळीची वाकडी काठी उलटी धरली आणि चेंडू सरळ खाडीत घातला. अकराचे दहा झाले आणि मला जोडीदार मिळाला.

पुढच्या आठवड्यात त्याने पहारीने नऊ खड्डे पाडले आणि प्रत्येकात फुटक्या मडक्याचा गळा बसवला. खेळ तो माझ्याहून कितीतरी चांगला खेळायचा. चौथ्या खड्ड्यात एक खेकडा राहायला आला. तो आत गेलेला चेंडू बाहेर ढकलायचा. तसं झालं की तो खड्डा खेकड्याने जिंकला, असा आम्ही नियम केला. वर्ष संपलं तेव्हा खेकडा माझ्या पुढे होता.

मग जमिनीला भाव आला. म्हाताऱ्याची दोन्ही मुलं समजूतदार होती. त्यांना घर बांधायचं होतं, बहिणीचं लग्न करायचं होतं. एकेक तुकडा विकला गेला. पहिल्या दोन खड्ड्यांवर बिल्डिंग उभी राहिली, तिसऱ्यावर पिठाची गिरणी, आणि खेकडा एका बँकेखाली गेला. शेवटी नववा खड्डा आणि त्याच्याभोवतीची पट्टी एवढंच उरलं. कागदांवर अंगठा उठवायची वेळ आली तेव्हा म्हातारा मुलांना म्हणाला, "डाव संपू दे. यो किंवा मी, कुनीतरी चेंडू घातला का अंगठा घ्या."

त्या दिवसापासून म्हातारा चुकायला लागला. हातभर अंतरावरून चुकायचा. मी तर मुळातच चुकायचो. अशी दोन वर्षं गेली.

एका शनिवारी दोन्ही मुलं आमच्या घरी आली. हातात भला मोठा जिताडा. आगऱ्यांच्या घरून जिताडा आला की तुमच्याकडे त्यांचं मोठं काम आहे असं समजायचं. थोरला म्हणाला, "काका, बापूस आमचा आयकत नाय. तुमी घाला ना एकदाचा." बायकोने मासा केला. आम्ही दोन वेळा पोटभर खाल्ला. भांडी आवरताना ती म्हणाली, "आता जिंकावं लागेल तुम्हाला."

सकाळी मुलं बांधावर येऊन बसली होती. मला जिंकायचं नव्हतं, हे आज स्पष्टच सांगतो. आठवड्यातला तोच एक तास मला माझा वाटायचा. म्हणून मी मान जोरात हलवली, डोळे मिटले आणि काठी फिरवली. चेंडू बिल्डरच्या पाटीवर आपटला, तिथून विटांच्या ढिगावर उडाला आणि टण्णकन मडक्याच्या गळ्यात पडला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर फटका.

म्हातारा सावकाश उकिडवा बसला. खड्ड्यातून चेंडू काढला, कमरेला खोचला आणि म्हणाला, "नाय गेला."

"बाबा, आमी बघितला," धाकटा म्हणाला.

"मना मोतीबिंदू हाय, मना नाय दिसला. आनि तुमाला गोल्फ कलतं क?"

थोरला माझ्याकडे वळला. "काका, तुमी बोला. गेला का नाय?"

म्हाताराही माझ्याकडे बघत होता. एक शब्द पुरला असता. पण पोटात जिताडा होता. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत गप्प उभा राहिलो. म्हाताऱ्याने काठी उचलली आणि तो घरी गेला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी त्याच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत फिरलो. महिन्याभरात तो गेला. अंगठा द्यायचा राहूनच गेला.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवले. कावळा बाभळीवर येऊन बसला, पण खाली उतरेना. थोरल्याने सांगितलं, आईला सांभाळू. धाकट्याने सांगितलं, बहिणीचं लग्न थाटात करू. म्हशींचंही सांगून झालं. कावळा पंख साफ करत बसला. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी थोरला हळूच म्हणाला, "काका, तुमी बोलून बघा."

मी चपला काढल्या, पुढे झालो आणि हात जोडले. सगळं गाव ऐकत होतं. "बाबा," मी म्हणालो, "चेंडू आत गेला नव्हता. डाव चालू आहे."

कावळा खाली आला.

कावळ्यासमोर दिलेला शब्द मोडायची छाती दोघांपैकी एकालाही झाली नाही. दोन बिल्डिंगच्या मधे ती पट्टी अजून तशीच आहे. रविवारी मी काठी घेऊन जातो. थोरला, त्याचेही केस आता पिकलेत, गॅलरीतून ओरडून विचारतो, "काका, गेला का?"

मी चेंडू मडक्यातून काढून खिशात टाकतो आणि सांगतो, नाही गेला.