बाइंडरकाकांचं दुसरं पत्र

बाइंडरकाकांनी जन्मात कुणापुढे हात पसरला नाही. सुई आणि खळ यांत गुंतलेले हात पसरायला सवड तरी कुठे होती म्हणा. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं एका खोलीचं दुकान. कचेऱ्यांची रजिस्टरं, विद्यार्थ्यांचे प्रबंध, वाचनालयाची पाठ मोडलेली पुस्तकं, सगळी त्यांच्याच हाताखालून जायची. बायको गेली तेव्हा लेक लहान होती. नातेवाईक मदतीला धावले, तर काकांनी चहा पाजून एकेकाची बोळवण केली. "आमचं ठीक चाललंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घराला आग लागली असती तरी त्यांनी बंबवाल्यांना तेच ऐकवलं असतं.

लेक दुकानातच वाढली आणि कामात बापाच्या वरताण निघाली. जीर्ण कागदपत्रं दुरुस्त करायला शिकवणारा दीड वर्षाचा अभ्यासक्रम परदेशात असतो, हे तिनेच शोधून काढलं. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. व्हिसाच्या अर्जाला वडिलांचं पत्र जोडायचं होतं. ते काकांनी कुणालाही न विचारता, छाती फुगवून लिहिलं. माझी प्रकृती ठणठणीत आहे, दुकान मी एकटा चालवतो, मुलीवर इथली कसलीही जबाबदारी नाही, तिने मागची काळजी न करता शिकावं. मुलीच्या बापाने याहून वेगळं काय लिहायचं असतं?

महिन्याभराने नकार आला. अर्जदाराचा मुक्काम तात्पुरताच राहील आणि शिक्षण संपल्यावर ती परत जाईल, याची खात्री पटत नाही, असं त्यात म्हटलं होतं. तिला मायदेशी ओढून आणील असं काहीच दिसत नाही, आणि त्याला आधार म्हणून काकांचंच वाक्य उतरवलं होतं: मुलीवर इथली कसलीही जबाबदारी नाही.

काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. चांगुलपणाने लिहिलेलं पत्र असं अंगाशी आलं होतं, आणि पोरीने एका शब्दाने दोष दिला नाही याचा त्रास जास्त होता.

अपिलाला अठ्ठावीस दिवसांची मुदत होती. त्यासाठी गाठलेल्या वकीलबाईंनी बापलेकीला समोर बसवून विचारलं, हिच्यावाचून इथे कुणाचं काय अडतं? कुणाचं काही नाही, काका म्हणाले. मग दुकानातली शिलाई कोण करतं? काका म्हणाले, मी. लेकीने नजर टेबलाकडे वळवली. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि खरं असेल तेच लिहून आणा, असं सांगितलं.

खरं असं होतं की दोन वर्षांपासून काकांना उजव्या डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. काका अंदाजाने टाके घालायचे. ते दुपारी जेवायला गेले की लेक त्यांची शिलाई उसवायची आणि पुन्हा शिवून ठेवायची. काकांना हे कळत होतं. पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं की टाका आपला की दुसऱ्याचा, हे बाइंडरला कळतंच. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून दोघंही मूठ झाकून बसली होती.

त्या संध्याकाळी काकांनी कोरा कागद घेतला. टाइप करून घ्या, असं वकीलबाईंनी सांगूनही त्यांनी हातानेच लिहिलं; ओळी उताराला लागल्या. आधीच्या पत्रात मी खोटं लिहिलं, अशी सुरुवात होती. मग डोळा, मग शिलाई. दीड वर्ष मी नुसती रजिस्टरं चिकटवून दिवस काढीन, त्यापुढे जमणार नाही. शेवटी त्यांनी लिहिलं, मला मुलीची गरज आहे. या चार शब्दांना तासभर लागला. डॉक्टरांचे कागद जोडले आणि दुकानाच्या परवान्यावर लेकीचंही नाव चढवलं.

सात आठवड्यांनी अपील मंजूर झालं. काकांना धन्य धन्य वाटलं. लेकीने मात्र बॅग काढली नाही. चार दिवस वाट पाहून काकांनी विचारलं, तर ती म्हणाली, "कशी जाऊ, बाबा? माझ्याशिवाय जमणार नाही, असं तुम्हीच लिहिलंय."

"ते साहेबाला पटावं म्हणून लिहिलं होतं. तुला पटावं म्हणून नाही."

"पण खरं आहे ना?"

आमचं ठीक चाललंय, हे वाक्य काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते म्हटलं असतं तर ती गेली असती, आणि जाताना तिने त्यावर विश्वास ठेवला नसता.

"खरं आहे," ते म्हणाले. "तरी जा. शिकून परत ये. मला तू इथे हवी आहेस."



"हे पहिल्याच पत्रात का नाही लिहिलंत?"

"तेव्हा वाटलं," काका म्हणाले, "हे वाचून तू जायचीच नाहीस."