पाच पानांत कलर मोठा

हे सांगायची मला बिलकुल हौस न्हाई. पण बोरीत हाटेलात बसा नाहीतर पारावर बसा, कोणीतरी म्हणतंच, "नागोराव, तो पोकरचा किस्सा होऊ द्या!" मी न्हाई सांगितला तर दुसरा सांगतो, आन दुसऱ्यानं सांगितला की त्यात लबाड मीच निघतो. म्हणून मपल्या तोंडानं सांगतो.

आमच्या ओट्यावरचे किस्से मोंढ्यातल्या सरकीवाणी साचतेत. वरून पडतच राहतेत, आन उपसायला गेलं की सगळ्यात खालचा काही केल्या निघत न्हाई.

ओटा म्हणजे बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचा. तिथं आमी तिघं बसणार. मी, मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्या-कापसाच्या बाजारात, जलमभर पोती उचललेला. मुंजाजी, मेंढरं-शेळ्यावाला. आन दिगंबर, यष्टीचा रिटायर कंडक्टर. खेळायचं तीन पत्ती, तेबी चिंचोक्यावर. शाळा मला चौथीपर्यंतच, पण पत्त्यातला एक कायदा पक्का ठाऊक होता: कलरच्या वर सिक्वेन्स. तुमी एका रंगाची तीन पानं घेऊन मिशीला पीळ द्या, समोरच्यानं पाच-सहा-सात ओळीनं टाकली की गपचूप चिंचोके सरकवायचे!

मग अधिक महिना आला, आन धोंड्याचं जेवण जेवायला दिगंबरचा जावई पुण्याहून आला.

*

जावईबापू अनारसे खाऊन ओट्यावर टेकले. आमचा डाव बघितला आन हसले. "काका, तीन पत्ती काय खेळता? पोकर शिका. पाच पानं!"

शिकवायला लागले. जोड खाली, मग दोन जोड्या, मग तीन सारखी. इथवर ठीक. मग म्हणले, "त्याच्यावर सिक्वेन्स. आणि सिक्वेन्सच्या वर कलर."

मुंजाजीनं माझ्याकडं बघितलं, मी दिगंबरकडं. दिगंबरच्या कपाळाची शीर उडायली. पण धोंड्याला आलेल्या जावयाला 'चुकलात' म्हणायची कोणाची छाती हाय? दिगंबर म्हणला, "व्हय व्हय, बरोबर हाय!" तिघांनीबी मान हलवली.

माझी मान खरी हलली हो! तेच पुढं नडलं.

*

मुंजाजीचं घोडं दोन जोड्यांवर अडलं.

"जावईबापू, दोन जोड्या म्हणजे पानं किती?"

"चार."

"आन तीन सारखी म्हणजे?"

"तीन."

"मग माझी चार जनावरं ह्याच्या तीन जनावरांपुढं हरली कामून?"

जावईबापू म्हणले, "काका, तीन सारखी जमणं अवघड असतं."

"आन दोन जोड्या जमणं सोपं? दोन पोरींची लग्नं जमवता जमवता माझ्या चपला झिजल्या!"

जावईबापूंनी पाणी मागितलं.

*

एक्क्याचं मला कळंना. तो म्हणे राजाच्या वरबी बसतो, आन सिक्वेन्स लावायचा असला तर दुर्रीच्या खालीबी बसतो.

मी म्हणलं, "एका माणसानं सरपंच तरी असावं नाहीतर कोतवाल तरी. सकाळी हे आन दुपारी ते, कसं चालंल?"

मुंजाजी म्हणला, "आपल्या सरपंचाचं चाललंय की!"

*

फुल्ल हाऊस मात्र दिगंबरला लगेच कळलं. तीन एकसारखी आन दोन एकसारखी.

"म्हणजे यष्टीचं बाक!" तो ओरडला. "इकडं तिघांचं, तिकडं दोघांचं. गाडी फुल्ल! डबल बेल!"

जावईबापू एकदम खूश. पण ते पुण्याला गेले, आन दुसऱ्या दिवशी दिगंबरनं पानं टाकली. तीन बदाम, दोन इस्पिक. आकडे सगळे येगयेगळे.

"हे काय?" मी म्हणलं.

"फुल्ल हाऊस. इकडं तीन, तिकडं दोन."

"अरे, पानं सारखी लागतेत!"

"बाकावर बसायला माणसं सारखी लागतेत का? मी जलमभर बसवलीत, तू मला शिकवू नको!"

त्या हिशोबानं दर तीन-चार डावांत कोणाला ना कोणाला फुल्ल हाऊस यायलं. पंधरा-वीस दिवस आमच्या ओट्यावर कोणी हरलंच न्हाई. कोण जिंकलं तेबी कळलं न्हाई.

*

आता माझं ऐका.

बाजाराचा दिवस. ओट्याभोवती पिशव्या घेतलेली माणसं उभी. दिगंबरनं पाच पानं मांडली. छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी. सिक्वेन्स! चिंचोक्याच्या ढिगावर हात टाकला. मी माझी पानं मांडली. पाचीच्या पाची किलवर.

"हात काढ," मी म्हणलं. "कलर मोठा."

"कुठल्या गावात?"

"पोकरात! तुपल्याच जावयानं सांगितलं. तूच व्हय म्हणलास!"

दिगंबर उभा राहिला. "अरे, ती मान जावयाला हलवली व्हती, पत्त्याला न्हाई! लबाड हाईस तू, नागोराव!"

मी मुंजाजीकडं बघितलं. मुंजाजी खाली बघून म्हणला, "मीबी जावयाचा मानच राखला, गड्या."

म्हणजे त्या दिवशी खरं ऐकणारा मी एकटाच! मोंढ्यात जलम गेला, पण ह्याच्या पोत्यातली मूठभर तूर कधी त्याच्या पोत्यात गेली न्हाई. माझी इज्जत तेवढीच. आन भर बाजारात लबाड! दुसऱ्या दिवसापासून हाटेलवाला चहा देताना विचारायला, "नागोराव, कलर आला का?" नातवंडांसमोर! मी ओट्यावर जायचं सोडलं.

खरं सांगतो, मलाबी घोर लागला. तीन पानांत सिक्वेन्स मोठा, पाच पानांत कलर मोठा. दोन पानं वाढली तर रीतच उलटी? रंग तेच, राजा तोच, एक्का तोच. मी चुकीचं ऐकलं का? रीत का उलटते ते मला अजूनबी उमगलेलं न्हाई.

*

शेवटी मुंजाजीला माझ्याबिगर करमंना. पुढच्या बाजारी मला धरून आणलं आन दिगंबरला म्हणला, "लाव जावयाला फोन. समद्यांच्या समोर. मोठ्या आवाजात."

माणसं गोळा झाली. हाटेलवाला किटली घेऊन आला. दिगंबरनं फोन लावला, ओट्यावर ठेवला, आन मला तोंड उघडूच दिलं न्हाई.

"जावईबापू, पोकरात सिक्वेन्सच मोठा ना?"

जावईबापू घुटमळले. "मामा... तसं बघितलं तर... तुम्ही म्हणाल तसं."

दिगंबरनं चहूकडं बघितलं. हाटेलवाला हसला. माझे कान तापले, चप्पल पायात घालायलो.

तेवढ्यात फोनमधून दिगंबरची पोरगी, सुनीता. "ओ, खरं सांगा की! बाबा, कलर मोठा. हे मला रोज रात्री त्यानंच हरवायलेत!"

सगळा बाजार दिगंबरकडं बघायला.

"रेंज गेली," दिगंबर म्हणला आन फोन पालथा घातला.

"बाबा? ओ बाबा! ऐकू येतंय का? कलर मोठा, कलर!"

"बोरीत रेंजच न्हाई," दिगंबर म्हणला. "मुंजाजी, पानं वाट."

त्यानं मला मागायची माफी अजून राहिलीय. पत्ता घ्या: दिगंबर कंडक्टर, मुक्काम बोरी.