खाली न बघण्याची नोकरी

आनिशिया कोहोक बासष्टाव्या वर्षी प्रथमच नोकरीला लागली, आणि तीही खाली न बघण्याच्या.

मे महिन्यात दूर उत्तरेच्या थंड समुद्रावरल्या टोगियाकच्या खाडीत हेरिंग माशांच्या झुंडी येत, आणि त्यांच्या मागोमाग पाण्यावर उतरणारी छोटी विमाने. वैमानिकाने वरून झुंड हेरायची, आपल्या बोटीला कळवायचे आणि बोटीने जाळे टाकायचे. मासळी खाते साऱ्या हंगामात जाळे टाकायला वीस मिनिटे देई, तीही ऐनवेळी रेडिओवर जाहीर करून. वर्षाची कमाई त्यातच करायची. त्यामुळे डझनभर शहाणीसुरती माणसे पाण्याच्या एकाच तुकड्यावर घिरट्या घालीत, आणि झाडून सगळी खाली बघत असत.

मागल्या साली वैमानिक रोल्फ ट्वेटनच्या विमानाला चाकांऐवजी असलेल्या होडक्याला दुसऱ्या एका विमानाचा पंख घासून गेला. आकाशावर नजर ठेवण्यासाठी मागे बसवलेला कॉलेजचा विद्यार्थी त्या क्षणी आनंदाने ओरडत होता, "मासे! मासे!" मासा पाहून जिचे मन हलत नाही अशी व्यक्ती हवी, हे रोल्फने तेव्हाच ठरवले. आनिशियाने चाळीस वर्षे घरी मासे चिरले होते, वाळवले होते. मासा दिसला की तिची पाठ दुखू लागे.

"क्षितिजाच्या खाली नजर न्यायची नाही," रोल्फने बजावले. "विमान दिसलं की सांगायचं. बस्स."

"आणि मासा दिसला तर?"

"दिसता कामा नये, आजी. त्याचाच तर पगार."

"न बघण्याचा पगार? माझ्या नवऱ्यानं ते आयुष्यभर फुकट केलं."

हंगामापूर्वी सर्व वैमानिकांनी शाळेच्या सभागृहात एक करार केला. टक्कर टाळण्यासाठी प्रत्येकाने आपला ठावठिकाणा एका सामाईक रेडिओवर सांगत राहायचे. पण आपला ठावठिकाणा सांगणे म्हणजे आपला मासा सांगणे. म्हणून पहिल्याच दिवशी, रेडिओवर विश्वास ठेवायचा तर, तेरा विमाने अशा तेरा जागी होती जिथे एकही विमान नव्हते.

चौथ्या दिवशी रोल्फने एक युक्ती काढली. खडकांजवळच्या पाण्यात शेवाळाचा काळपट पट्टा होता. मासा सापडल्याचा आव आणून त्याच्यावर घिरट्या घालायच्या, आणि बाकीचे धावून आले की हळूच सटकून आपल्या खऱ्या जागी जायचे. युक्ती गरजेपेक्षा अधिक यशस्वी झाली. आधी एक विमान आले, मग तीन झाली, मग नऊ; त्यांत खाडीतला सर्वांत मुरलेला वैमानिक मारुशिचही.

"चल आता," आनिशिया म्हणाली.

रोल्फ चाचरला. "मारुशिच पण आलाय. मारुशिच मूर्ख नाही. इथं काहीतरी असणार."

"अरे, तो तुला बघून आलाय!"

"हो, पण मूर्ख नाही ना तो!"

आपण रचलेल्या खोट्याभोवती पुरेशी गर्दी जमली की माणूस स्वतःच त्या गर्दीत जाऊन उभा राहतो. रोल्फने विमान आणखी खाली घेतले.

"डावीकडे पिवळं, आपल्याच उंचीवर," आनिशिया सांगू लागली. "वर निळं. मागे मारुशिच. रोल्फ, मला त्याचे दात दिसतायत."

मग तिने नियम मोडला आणि खाली पाहिले. शेवाळ, आणि शेवाळच. तिने रेडिओ उचलला. "मी आनिशिया कोहोक. इथं मासा नाही, नुसतं शेवाळ आहे. आपापल्या घरी जा."

मग मारुशिच खो खो हसला. "ऐकलंत? ट्वेटननं म्हातारीला पढवलंय! म्हणजे खोऱ्यानं मासा आहे इथं!"

आणखी तीन विमाने आली.

पिवळे विमान इतक्या जवळून गेले की रोल्फने आपले विमान झटकन खाली दाबले आणि आनिशियाच्या मांडीवरचा सुक्या माशांचा पुडा छताला जाऊन आपटला. चाळीस वर्षे ती चर्चमध्ये मुलांना शिकवत आली होती की खोटे बोलू नये. पण आज तिच्या खऱ्याने आणखी तीन माणसे मरणाच्या जवळ आणली होती. तिने पुन्हा रेडिओ उचलला.

"पोरांनो, लपवलं ते चुकलं माझं. मासा इथंच आहे, रग्गड आहे. या सगळे. रोल्फ म्हणतो, वाटून घेऊ."

"वाटून?" मारुशिचचा आवाज पडला.

पिवळे विमान आधी वळले. मग निळे, मग मारुशिच. चार मिनिटांत आकाश धुतल्यासारखे स्वच्छ झाले.

"असं का सांगितलंस?" रोल्फ हादरला होता. "म्हणजे इथं खरंच काही नाही?"

"नाही."

"मग आपण तरी कशाला थांबायचं?" असे म्हणून त्यानेही विमान वळवले.

वळताना पंख कलला आणि नजर न झुकवताच समुद्र आनिशियासमोर आला. शेवाळाचा पट्टा दुधासारखा पांढरा होत चालला होता. हेरिंग आले होते; झुंडीच्या झुंडी शेवाळावर अंडी घालीत होत्या. रेडिओवर मासळी खात्याची वीस मिनिटे सुरू झाली.

"मागे कुणी आहे?" रोल्फने विचारले.

तिने मासा सांगितला असता तर तो वळला असता. तो वळला असता तर बाकीचे बाराही जण वळले असते.

"कुणी नाही," ती म्हणाली. "आकाश मोकळं आहे."

रोल्फच्या बोटीने त्या दिवशी रिकामे जाळे ओढले, इतरांच्या बोटींनीही. संध्याकाळी ओहोटीला आनिशिया बहिणीबरोबर त्या खडकांवर गेली आणि अंडी चिकटलेल्या शेवाळाच्या दोन बादल्या भरून घेऊन आली. वाडगाभर तिने रोल्फला नेऊन दिले, सोबत बुडवून खायला सीलच्या चरबीचे तेल.

त्याने दोन घास खाल्ले आणि थांबला. "कुठून आणलंस हे?"

"खालून," आनिशिया म्हणाली. "खा, गार होत नाही ते, पण तू खा."