हक्कानं या

बोईसरच्या ज्या कारखान्यात मी ऑफिसची मराठी पत्रं लिहायला होते, तिथली भाषांतरं सुरुवातीला मुंबईहून करून येत. 'एकही दगड उलटायचा शिल्लक ठेवणार नाही,' असं बोर्डावर लागलं की कँटीनमध्ये दोन दिवस करमणूक. "चला, दगड उलटायला," म्हणत लोक जेवून उठायचे. इंग्रजीमागे मराठीची ही असली फरफट बघून माझं डोकं उठायचं. मी त्याजागी लिहिलं, 'कोणतीही कसर सोडणार नाही.' हसणं बंद झालं आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. फार शहाणी होते मी.

मग मासवणच्या एका कंत्राटी कामगाराची तीन बोटं मशीनमध्ये गेली. तो पालघरच्या कामगार कार्यालयात जाऊन तक्रार करणार अशी कुणकुण लागली, तशी पत्राची घाई सुटली. अशा वेळी साहेबांनी हॉस्पिटलात फळांची करंडी आणि पत्र घेऊन जायचं, खाटेपाशी ते मोठ्याने वाचायचं आणि फोटो काढायचा, ही तिथली रीत होती. इंग्रजी मसुद्याच्या शेवटी होतं, आमचे दरवाजे तुमच्यासाठी सदैव उघडे आहेत. इंग्रजीत हे कुणीही कुणालाही म्हणतं, त्यात बोलावणं नसतं. मी बराच वेळ पेन चावत बसले आणि लिहिलं, 'बरे झालात की कामावर हक्कानं या.' साहेबांनी सही ठोकली. पत्र वाचलं गेलं. तक्रार झाली नाही.

तीन महिन्यांनी तो आणि त्याची बायको गेटवर आली. "ऊपर से ऑर्डर नहीं है," वॉचमन म्हणाला. पुढच्या सोमवारी परत आली. त्याच्या पुढच्याही. मी खिडकीतून बघायची आणि समोरची फाईल उघडायची. एकदा धीर करून साहेबांना विचारलं.

"अहो, ती बोलायची पद्धत असते," ते म्हणाले.

खरंच होतं. त्यांच्या पत्रात तेवढंच होतं. कामाचं आणि हक्काचं मी घातलं होतं, वाक्य कानाला बरं वाटावं म्हणून.

शेवटी मी गेटवर गेले. तो बोटं गेलेला हात पाठीमागे धरून उभा होता. बायकोने रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं पत्र काढून माझ्यापुढे धरलं.

"हे मीच लिहिलंय," मी म्हटलं. वाटलं, आता शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या.

तिचा चेहरा उजळला. "तुमी लिवलंय? तरीच! मी यांना तवाच बोलले, हे हापिसातलं नाय, आपल्या मानसानं लिवलंय. म्हणून तर आमी तक्रार नाय केली, ताई."