सीमेवरच्या बिया

बहारीनमध्ये खजूर खाऊन बी टाकायची माणसाला धास्ती वाटावी, असा दरारा आजवर एकाच गृहस्थांनी निर्माण केला, आणि ते नेमके माझे मामेसासरे निघाले. नोकरीसाठी इथे आलो आणि सनद नावाच्या भागातल्या त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा मी बी ताटाच्या कडेला ठेवली. मामांनी ती उचलली, धुतली, पुसली आणि गंभीरपणे म्हणाले, "जावईबापू, पायदळात भरती झाली." मी हादरलोच.

जेवण जमिनीवर होतं, कारण डायनिंग टेबलावर खजुराच्या बियांचं सैन्य मांडून रोमन साम्राज्य पसरलं होतं. तेही उतरत्या काळातलं. भरभराटीतल्या रोमनांचं मामांना काडीचं कौतुक नव्हतं. "जिंकणारं सैन्य कुणीही सांभाळेल हो! मुलूख हातचा जात असताना बदलत बदलत शेकडो वर्षं टिकायचं, ही खरी गंमत." मोठ्या पलटणी मोडून लहान झाल्या की टेबलावरचे बियांचे ढीगही मोडायचे आणि मामी कपाळाला हात लावायच्या. पुढे पूर्वेकडे उरलेल्या रोमनांचा, म्हणजे बायझंटाइन काळ आला, घोडदळाला महत्त्व आलं. घोडा आणि स्वार दोघंही चिलखतात हवेत, म्हणून मामांनी चॉकलेटवरच्या चंदेरी कागदात बिया मढवल्या. ती चॉकलेटं मामींच्या भिशीसाठी आणलेली होती. बायकांपुढे सगळी उघडीबोडकी आली! मनामाच्या बाजारातला खजूरवाला तर मामांना पाहून हवालदिल व्हायचा, कारण हे चव बघायचेच नाहीत, आधी बीचा आकार विचारायचे.

टेबलाच्या अगदी कडेला काही काळपट बिया असत. त्यांच्यापाशी मामांचा आवाज उतरायचा. "हे सीमेवरचे. फिरतं सैन्य सम्राटाबरोबर येतं-जातं. हे तिथेच राहतात, शेती करतात, पोरंबाळं वाढवतात. मग एक दिवस साम्राज्य मागे सरकतं आणि यांना न्यायला कोणी येत नाही." आणि चक्क डोळे पुसायचे. खजुराच्या बियांसाठी रडणारा इंजिनिअर मी जन्मात पाहिला नव्हता.

गेल्या वर्षी कंपनीने मामांचा अख्खा विभागच बंद केला. उमेदीची सगळी वर्षं इथे गेलेली, आणि आता व्हिसा संपायच्या आत निघायचं. मी सामान बांधायला गेलो, तर मामा टेबलावरचं सैन्य कचऱ्याच्या पिशवीत लोटत होते.

"मामा, अहो!" मी ओरडलोच.

"खलास," ते म्हणाले. "सामानात जागा नाही. तिची भांडी तरी जाऊ देत." चेहरा इतका शांत की मला भीती वाटली.

मामी आतून आल्या आणि बॅगेतल्या कुकरचं झाकण काढलं. आत त्यांच्या जुन्या साडीच्या तुकड्यात त्या काळपट बिया होत्या.

"बाकीचे टाका खुशाल. सीमेवरचे मी सकाळीच उचललेत."

"तुला कळत होतं सगळं?"

"टेबल अडवून इतकी वर्षं तेच तर सांगत होतात. मग यांना न्यायला कोणी यायला नको?"

मामा कुकर मांडीवर घेऊन खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. मला कुठे बघावं कळेना.

विमानतळावर आत जाता जाता ते माघारी आले. माझा हात घट्ट धरला.

"जावईबापू, तुमचीही परतायची वेळ येईल हो कधीतरी. तेव्हा नुसता फोन करा. मुंबईला मी न्यायला येईन."

परत येताना सनदवरूनच आलो. त्यांच्या खिडकीत दिवा नव्हता.