कॉफीबरोबर दिलेल्या कॅप्सूल

सर्बियातल्या उझित्से गावी शिवणकारखान्यात वेरित्सा सव्वीस वर्षं परिचारिकांच्या पांढऱ्या अंगरख्यांना कॉलर लावत होती. कॉलर लावावी तर हिनंच, असं मालकीणही म्हणायची. पन्नाशीला पाळी थांबली आणि वर्षभरात तिला मशीनशी बसणं जड होऊ लागलं. दिवसातून दहा-बारा वेळा छातीतून आच उठे, कपाळापर्यंत चढे. घाम कापडावर पडला की ते कापड बाद. खिडक्या उघडाव्यात तर बाकीच्या अकरा जणी तुटून पडत. आरपार वाहणारा वारा मान धरतो, मूत्रपिंडात शिरतो, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. वेरित्सालाही ते मनापासून पटलेलं, म्हणून तर पंचाईत.

नोकरी सोडायचा अर्ज तिनं लिहिला. शेजारच्या मशीनवरच्या रोसांदानं तो घडी घालून स्वतःच्या खिशात टाकला.

"आधी डॉक्टरीणबाईंकडे जा," ती म्हणाली. "मग घरी बसून मिरच्या भाज हव्या तेवढ्या."

डॉक्टर मिलिचेविच यांनी रक्तदाब घेतला. रक्ताची गुठळी झाली होती का, घरात कुणाला स्तनाचा कर्करोग होता का, ते विचारलं. मग शरीरात कमी पडलेलं इस्ट्रोजेन हे हार्मोन देण्याचे गोळी, जेल आणि कातडीवर चिकटवायची पट्टी असे तीन मार्ग समजावले. पट्टी ठरली. इस्ट्रोजेन कातडीतून गेलं तर गुठळीचं भय गोळीपेक्षा कमी. मात्र गर्भाशय शाबूत असताना नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, आतलं अस्तर वाढत जातं. त्याला आवर घालायला रोज झोपताना प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. "झोपही बरी लागेल हिनं," त्या जाता जाता म्हणाल्या. वेरित्साच्या डोक्यात नेमकं तेवढंच राहिलं.

महिन्याभरात आच ओसरली. कॉलरी पुन्हा सुतासारख्या सरळ बसू लागल्या.

कारखान्यात साडेनऊला कॉफी होते, आणि कॉफीबरोबर औषधं फिरतात. गुडघ्याचं मलम, पित्ताची गोळी, जिला जे लागू पडलं ते ती दुसरीला देते. न देणारी कंजूष ठरते. नवरा गेल्यापासून रोसांदाचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. वेरित्साला तर आता छान झोप लागत होती. तिनं कॅप्सूलची पाकिटं रोसांदाच्या पुढ्यात ठेवली आणि पुढेही महिन्याच्या महिन्याला देत राहिली. पट्टी मात्र स्वतः न चुकता लावत होती.

चौथ्या महिन्यात वेरित्साच्या अंगावरून रक्त गेलं.

सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं. डॉक्टरांनी तपासायला तुकडा घेतला.

"कॅप्सूल घेताय ना?"

"ती झोपेची? मैत्रिणीला दिली. तिला जास्त गरज होती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, झोप ही वरकड. तुमच्या गर्भाशयाची राखण होती ती कॅप्सूल."

कर्करोग नाही असं कळेपर्यंत पट्टी बंद. अहवालाला सतरा दिवस लागले. आच परत आली, आणि तिच्यापेक्षा मोठी धास्ती. वेरित्सा सारखी घाम पुसायला उठे, तेवढ्यात रोसांदा तिच्या वाट्याच्या कॉलरी लावून ठेवी. वाकड्या लावी. वेरित्सा त्या मुकाट्यानं उसवून पुन्हा लावी.

अहवाल ऐकायला रोसांदा बरोबर गेली. कर्करोग नव्हता. पट्टी पुन्हा सुरू करता येणार होती. राखणीसाठी डॉक्टरांनी या वेळी दोन पर्याय ठेवले: तीच कॅप्सूल, नाहीतर गर्भाशयात बसवायचं एक छोटं साधन, जे आतल्या आत हार्मोन सोडत राहतं आणि पाच वर्षं पुरतं. बसवताना दुखेल का, असं वेरित्सानं विचारलं. थोडं दुखेल, असं उत्तर आलं. ती विचारात पडली.

"बसवून टाका," रोसांदा म्हणाली. "कुणी मागितलं तरी काढून द्यायची नाही ही."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी दुसरी खुर्ची पुढे ओढली, रोसांदाला बसायला सांगितलं, आणि झोप नेमकी कधीपासून उडाली आहे ते विचारलं.