सत्तेचाळीस नंबरचा दगड

आमचे बाबा दगडांची नोंद ठेवायचे. हे सांगितलं की लोक विचारायचे, "म्हणजे नेमकं काय करतात?" आणि आई उत्तर द्यायची, "म्हणजे नेमकं तेच करतात."

जमिनीखाली काय दडलंय ते शोधणाऱ्या एका कंपनीत ते होते. यंत्रानं खोल भोक पाडून मनगटाएवढे जाड दगडी दांडके वर काढायचे आणि पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये लाकडी पेट्यांत ओळीनं मांडून ठेवायचे. कुठल्या भोकातला, किती खोलीवरचा, हे प्रत्येक तुकड्यावर पांढऱ्या रंगानं लिहिणं हे बाबांचं काम. हातात चार केस उरलेला ब्रश, नाकावरून घसरणारा चष्मा आणि कोपरापर्यंत धूळ. निवृत्त होईपर्यंत बत्तीस वर्षं हेच. शिकलेले साहेब यायचे, दगड पाहून जीभ वळणार नाही अशी नावं घ्यायचे. बाबांना त्यातली निम्मी कळत नसत. पण तुकडा कुठला, हे विचारायला साहेबांनाही त्यांच्याच टेबलाशी यावं लागे. शेडमध्ये त्यांना सगळे 'नोंदमास्तर' म्हणत. नोंदमास्तरांनी लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"दगड कितीही देखणा असू दे," ते म्हणायचे, "कुठला ते माहीत नसेल तर तो फक्त ठेच लागायच्या कामाचा."

इतरांचे वडील सुट्टीच्या दिवशी मुलांना बागेत न्यायचे. आमचे आम्हाला दगड वेचायला न्यायचे. सकाळी दोन बस बदलून आम्ही एका टेकडीखालच्या कोरड्या ओढ्यात उतरायचो. आई झाडाखाली चादर अंथरून विणकाम काढायची. "एका दगडाशी लग्न केलंय तेवढं पुरे," ती म्हणायची, "आणखी वेचायला मी येत नाही." बाबा तिच्या शेजारी वही उघडून बसायचे. आम्ही भावंडं दगड आणून द्यायचो. कुठे मिळाला ते सांगायचं, बाबा नंबर घालायचे, जागा लिहायचे आणि शेवटी कुणाला मिळाला ते. माझ्यासाठी 'मोठी', भावासाठी 'धाकटा'.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. वर्गात पहिली यायचे, आणि ते कुणी विसरू नये याची काळजीही घ्यायचे. भाऊ आठ वर्षांचा, नाक पुसायला रुमाल न सापडणारा. पण दगड त्याला सापडायचे! त्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या नावावर सहा नोंदी झाल्या होत्या आणि माझ्या नावावर एकही नव्हती. सहावा दगड तर असा, की फोडल्यावर आत पांढऱ्या रेघांची वर्तुळं. बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आईनं विणकाम खाली ठेवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझ्या पिशवीत एक दगड होता. दोन दिवसांपूर्वी दाढ काढायला गेले होते, तेव्हा दाताच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत एका कुंडीत झाडाभोवती रंगीत खडे मांडलेले दिसले. त्यातला एक जांभळा होता, टोकदार, आरपार दिसणारा. गाल बधिर होता, बुद्धीही असावी. उचलला आणि खिशात घातला. ओढ्यात नेण्यासाठी काही उचलला नव्हता, पण आता मी पाठ वळवून त्याला माती फासली आणि धावत बाबांकडे गेले.

बाबांनी अंगठ्यानं माती पुसली. दगड उन्हात धरला, भिंग लावून पाहिला. कपाळाला आठी पडली.

"हा इथला?"

"हो."

"कुठे मिळाला?"

"डाव्या काठाला. ते वाकडं झाड आहे ना, तिथून वीस पावलं वर."

इतकं नीट खोटं मला बोलता येतं, हे मलाही तेव्हाच कळलं. बाबांनी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि तोवर बावीस वर्षं दगड पारखत आलेल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा सोडून त्यांनी माझ्यावर ठेवला. वहीत लिहिलं, 'क्र. ४७. जांभळा स्फटिक. डावा काठ, वाकड्या झाडापासून वीस पावलं वर. मोठी.' माझ्याही पाठीवर थाप पडली. ती अजून आठवते, पण सुखानं नाही.

मला वाटलं, संपलं. पण बाबा तो दगड शेडमध्ये घेऊन गेले. असला दगड त्या ओढ्यात मिळतो ही साहेबांच्या कामाची गोष्ट आहे, असं त्यांना वाटलं होतं. नवीन आलेला तरुण साहेब हसला. "काका, तिथल्या जमिनीत हा मिळणं शक्यच नाही. कुणीतरी दुकानातून आणलाय."

"माझ्या मुलीनं स्वतः उचललाय," बाबा म्हणाले. "माझी नोंद आहे."

हे मला आईकडून कळलं. त्यानंतर शेडमध्ये त्यांचं हसं झालं तेही तिनंच सांगितलं. "नोंदमास्तर, आज ओढ्यात काय, माणिक की पाचू?" असं लोक जाता-येता विचारायचे. तेही एक वेळ चाललं असतं. पण तो तरुण साहेब पेट्यांवरचे नंबर स्वतः पडताळून पाहायला लागला. बावीस वर्षांत असं कुणी केलं नव्हतं.

त्यावर बाबा भांडले नाहीत. रविवारी हातोडी आणि डबा घेऊन एकटेच ओढ्यावर गेले. तो दगड ज्या खडकातून निखळला तो खडक सापडला की सगळ्यांची तोंडं बंद होतील, असा त्यांचा हिशेब. पुढच्या रविवारीही गेले. त्याच्या पुढच्याही. संध्याकाळी हाताला फोड घेऊन परत यायचे आणि म्हणायचे, "आज नाही मिळाला." जणू खडकच सुट्टीवर होता. आई म्हणायची, "माणसं रविवारी झोपतात, हे डोंगर फोडतात." मी पुस्तकात डोकं घालून बसायचे. रोज ठरवायचे, आज सांगायचं. आणि रोज दातखीळ बसायची.

चौथ्या रविवारी ते म्हणाले, "मोठे, तू पण चल. माझीच वीस पावलं चुकत असतील. तुझी पावलं लहान."

वाकड्या झाडापासून मी मोजत निघाले. एक, दोन, तीन. बाबा मागून येत होते. विसाव्या पावलावर त्यांनी गुडघे टेकले, खिशातून खडू काढून खडकावर चौकोन आखला आणि हातोडी उचलली. पहिला घाव पडला आणि माझ्या तोंडून निघालं, "बाबा, नका. तो दाताच्या डॉक्टरांकडचा आहे. कुंडीतला."

हातोडी खाली ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

"विचारून घेतला होतास?"

"नाही."

एवढंच बोलले. ओरडले असते, एक ठेवून दिली असती, तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी डबा उघडला, निम्मा मला दिला. मी तो सगळा खाल्ला. न खाण्याचीही मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी दगड कुंडीत परत ठेवून आले, डॉक्टरांना सांगून. बाबा बाहेर उभे होते. मग त्यांनी काय केलं ते मला वही पाहिल्यावर कळलं. नोंदवहीत खाडाखोड करायची नाही, चुकीची नोंद तशीच ठेवून शेजारी कारण लिहायचं, हा त्यांच्या कामाचा नियम. सत्तेचाळीस नंबरच्या शेजारी लाल शाईनं लिहिलं होतं, 'जागा न पाहता लिहिली. चूक नोंद करणाऱ्याची.' खाली सही आणि तारीख. माझा उल्लेख कुठेच नव्हता. आई म्हणाली, शेडमध्ये साहेबांनाही हेच सांगितलं होतं, शब्द न बदलता.

आज मी शाळेत शिकवते. कॉपी करणारी मुलं पकडते, आणि पकडलं की आधी माझीच मान खाली जाते.

त्या प्रकारानंतर वर्षभरानं आम्ही पुन्हा ओढ्यावर गेलो. बाबांचा गुडघा तेव्हा सुजलेला होता, आईशेजारी चादरीवर पाय लांब करून ते बसले होते. भाऊ एक गोटा घेऊन आला. "कुठे?" "त्या खड्ड्यात." बाबांनी लिहिलं.

मग मी आले. माझ्या हातात करडा दगड होता, त्यावर नखाएवढ्या शिंपल्याचा ठसा. खरा होता. मीच शोधला होता.

"वा," बाबा म्हणाले. "कुठे?"

"वर. कड्याच्या खाली."

त्यांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि जमिनीवर हात टेकून उठायला लागले.

"अहो, गुडघा!" आई म्हणाली. "ती सांगतेय ना कुठे ते."

"बघून लिहिलेलं बरं," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. असता तर बरं झालं असतं.

चढावर ते चार वेळा थांबले. प्रत्येक वेळी मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे, तू म्हणतेस ना. म्हणाले नाहीत. मी पुढे चालत होते आणि मागे त्यांचा श्वास ऐकू येत होता. इतकी लाज मला त्याआधी वाटली नव्हती, नंतरही नाही. वर पोचल्यावर मी मातीतला ओला खळगा दाखवला. त्यांनी वाकून दगड त्यात ठेवून पाहिला. नीट बसला. मग बाबांनी पेन काढलं.